शेठजींचं स्वावलंबन

पावसाळ्यात इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक वसाहतीत मालाचा ट्रक रुतला, की आमचे शेठजी चार उद्योजकांना घेऊन अधिकाऱ्यांकडे जातात. रस्ता करून द्या, ड्रेनेज द्या, वीज नीट द्या, नाहीतर धंदा करायचा कसा? मागणी रास्त आहे. रस्त्याशिवाय ट्रक चालत नाही यात ट्रकचा दोष आहे, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

पण बाणगंगा भागातून एखादा दिव्यांग तरुण तिचाकीवरून कामाला यायचं म्हणाला, तर दोष लगेच तिचाकीत सापडतो.

शेठजी काल्पनिक आहेत, म्हणून वसाहतीच्या कुठल्याही सेक्टरमध्ये भेटतात. प्लॉट सरकारी लीजवर. हिशेब सीए बघतात, गाडी ड्रायव्हर चालवतो, पत्रं मुनीमजी लिहितात आणि डोक्यावरचा चष्मा शिपाई शोधून देतो. याला कारभार म्हणतात. हीच मदत दिव्यांग माणसानं मागितली, की शेठजींना दया येते. दयेला पगार द्यावा लागत नाही, ही तिची मोठी सोय.

मी एकदा विषय काढला. म्हटलं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तुमच्यासारख्यांसाठी सवलतींची तरतूद आहे. कामगारांत किमान पाच टक्के दिव्यांग असावेत, एवढीच अपेक्षा. त्याआधी २००८ मध्ये केंद्रानं अशा कामगारांच्या पीएफ आणि ईएसआयमधला मालकाचा वाटा तीन वर्षं स्वतः भरायची योजनाही आणली होती.

"भिया, आपल्याकडे काम जोखमीचं असतं."

"पॅकिंग, लेबल, बिलिंग, फोन?"

"त्यात जोखीम नाही हो. पण ऑफिसला तीन पायऱ्या आहेत ना!"

पायऱ्या आहेत खऱ्या. गोदामाला मात्र मस्त सिमेंटचा उतार आहे. ट्रॉलीला पायऱ्या चढता येत नाहीत, हे शेठजींना कायदा दाखवून सांगावं लागलं नव्हतं.

अंध मुलगा बिलं कशी करणार, ही पुढची शंका. म्हटलं, एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतं, आणि ते फुकट मिळतं. "फुकट? मग चांगलं नसणार." मग मी जॉब कोचबद्दल सांगितलं. बौद्धिक दिव्यांग मुलाबरोबर सुरुवातीला कामावर राहायचं, एकेक पायरी पक्की करून घ्यायची आणि हळूहळू बाजूला व्हायचं, असा हा माणूस. शेठजी हसले. "असं शेजारी बसून शिकवावं लागणारा माणूस काय कामाचा?" शेठजींचे चिरंजीव एमबीए होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या शेजारी बसायला तीन मॅनेजर ठेवलेत, आणि त्यातला एकही अजून बाजूला झालेला नाही.

वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर समान संधी धोरण जाहीर करायचं आणि दिव्यांगांच्या भरतीकडे लक्ष द्यायला संपर्क अधिकारी नेमायचा, असा २०१७ चा नियम आहे. शेठजींनी नेमलाय. मुनीमजीच. त्यांचा अद्याप कोणाशी संपर्क झालेला नाही. कायदा मोडल्याचा पहिला दंड जास्तीत जास्त दहा हजार. दिवाळीच्या सोनपापडीचं बजेट याहून मोठं असतं.

एकट्या शेठजींना तरी काय बोलायचं? सुगम्य भारत अभियान २०१५ मध्ये सुरू झालं. तरी सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. केंद्राला तीन महिन्यांची मुदतही दिली. स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या आमच्या इंदुरात रस्ता इतका लख्ख झाडतात, की फूटपाथ कुठे संपला आणि खड्डा कुठे सुरू झाला, तेही स्वच्छ दिसतं. ज्यांना दिसतं त्यांना.

मात्र शेठजी निर्दय नाहीत. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला ते वसाहतीतच मंडप घालून तिचाक्या वाटणार आहेत. भाषणाचा विषय स्वावलंबन. मुनीमजी लिहायला बसलेत. स्टेज चार फूट उंच आहे, त्यामुळे लाभार्थ्यांना फोटोपुरतं उचलून वर न्यायला चार हमाल सांगून ठेवलेत. शेठजींचे गुडघे हल्ली फार दुखतात. त्यांच्यासाठी स्टेजच्या मागच्या बाजूनं उतार केलाय.