खटाक् आणि टिचकी

भिवंडीत रात्री वीज गेली की माणसं जागी होतात. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगून पटत नाही. लूमच्या खडखडाटात त्याला मुळात झोपच लागलेली नसते. वीज गेल्यावर बिचाऱ्याचा नुकता कुठे डोळा लागतो आणि नेमके तेव्हाच यजमान उठून बसतात. कोणी पाणी पितं, कोणी गॅलरीत जाऊन गल्लीकडे बघतं, एखादं तान्हं मूल भोकाड पसरतं. वीज आली, पलीकडच्या कारखान्यातला पहिला माग कण्हत-कुथत सुरू झाला, त्याच्यामागून दुसरा, आणि गल्ली पुन्हा खटाक्-खटाक् करू लागली की आम्ही आडवे. २००७ साली शहराचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं. त्याआधीचे भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना अख्खं गाव वेळापत्रकाबरहुकूम जागं होताना पाहिल्याचं आठवत असेल.

अशा गावात तालाचा खेळ दुबईहून मागवावा लागावा, हे जरा मजेशीरच. पण भावजी तिकडे नोकरीला, भाची तेव्हा शाळेत, आणि बाप दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा त्याच्या बॅगेतून काय निघायला हवं हे मुलींनी आधीच ठरवलेलं असतं. त्या वर्षी निघालं ते निन्टेंडो डीएस. पानाच्या डब्यासारखं उघडणारं, दोन पडद्यांचं यंत्र. वरचा पडदा बघायचा, खालच्याला हात लावायचा, आणि हात म्हणजे बोट नव्हे, सोबत मिळालेली प्लॅस्टिकची काडी. २००४च्या अखेरीस हे यंत्र बाजारात आलं, तेव्हा पडद्याला हात लावणं हा आपल्याकडे गुन्हा होता. टीव्हीच्या काचेवर बोटं उमटली म्हणून आम्ही मार खाल्लेला आहे.

यंत्राबरोबर ‘रिदम हेवन’ नावाचा खेळ आला होता. जपानात तो २००८ साली निघाला, अमेरिकेत पुढच्या वर्षी. त्याच्या मुळाशी त्सुंकू नावाचा गायक-निर्माता आहे. ‘मॉर्निंग मुसुमे’ हा मुलींचा गाजलेला संच त्याने उभा केला. तालाचे असे खेळ काढा म्हणून तो स्वतःच निन्टेंडोकडे गेला. पहिला खेळ २००६ साली बटणांच्या यंत्रावर निघाला, आणि तो करताना त्याने म्हणे कंपनीच्या माणसांना चक्क नाचाचे धडे घ्यायला लावले. संगणकापुढे पाठीला पोक आलेले ते जपानी अभियंते एक-दोन-तीन-चार करत कंबर हलवताहेत, हे चित्र मला खेळाहून जास्त आवडतं. (आपल्याकडच्या सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी निदान टाळ धरायला लावले, तर रेल्वेच्या तिकिटाचं संकेतस्थळ कदाचित समेवर येईल.)

खेळायचं कसं? यंत्र आडवं करून पुस्तकासारखं धरायचं. पडद्यावर काडी टेकवायची, दाबून ठेवायची, उचलायची किंवा टिचकी मारल्यासारखी सर्रकन् उडवायची. बस्स, एवढंच. पण नेमक्या ठोक्यावर. एका खेळात टेबल टेनिस, एकात कारखान्यातले सुटे भाग जोडायचे, एकात तीन पोरांचं गायकवृंद. हे गायकवृंद मला फार जवळचं वाटलं. तिघे पांढरे-पांढरे पोरगे ओळीत उभे, शेवटचा म्हणजे आपण. काडी टेकलेली असेल तोवर आपलं तोंड बंद. उचलली की ‘आऽऽ’ सुरू. पहिले दोघे सूर लावतात, मग आपण. गंमत म्हणजे चुकल्यावर घंटा वाजत नाही, लाल फुली येत नाही. जरा आधी तोंड उघडलं, की शेजारचे दोघे मान वळवून आपल्याकडे बघतात. फक्त बघतात!

ज्याने भजनी मंडळात टाळ वाजवला आहे त्याला ही नजर ठाऊक आहे. बुवा अभंगात रंगलेले असतात, डोळे मिटलेले असतात, आणि तुमचा टाळ अर्धी मात्रा पुढे पडला की तेच डोळे बरोबर तुमच्याच दिशेला उघडतात. बुवा तोंडाने काही बोलत नाहीत. पण पुढच्या गुरुवारी तुमच्या हातात टाळाऐवजी प्रसादाचं ताट असतं.

आमच्या शेजारचे काका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतला संप सुरू झाला. तो रीतसर कधी संपलाच नाही, पण काकांचं लालबागचं घर संपवून गेला. मुंबईच्या गिरण्यांतलं काम भिवंडीच्या शेडांत आलं, त्याच्या मागोमाग तेही आले. इथे मागांची वस्ती जुनी. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेकडचे विणकर खाली सरकले, हातमाग मांडून बसले. विसाव्या शतकात वीज आली आणि यंत्रमाग आले. मग तेलंगणातले पद्मशाली आले, पूर्वांचलातले कारीगर आले. काका या गर्दीत एका शेडमध्ये जॉबर झाले, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या ओट्यावर. भाचीच्या हातातलं यंत्र बघून त्यांनी विचारलं, “यात काय करायचं असतं?” ती म्हणाली, “काका, बरोब्बर वेळेला मारायचं.” काका म्हणाले, “आणि नाही मारलं तर?” “तर परत खेळायचं.” काकांना हे भलतंच स्वस्त वाटलं.

ते स्वस्त का वाटलं, हे समजायला एकदा साध्या मागापाशी उभं राहायला हवं. ताण्याचे धागे दोन थरांत उघडतात, मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन सुसाट पलीकडे जातो, आणि त्याच्या पाठोपाठ फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकते. धोटा डावीकडून उजवीकडे, फणी. उजवीकडून डावीकडे, फणी. मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा. म्हणजे एका फेऱ्याला साधारण अर्धा सेकंद, आणि त्यातला धोट्याच्या वाट्याला येणारा तुकडा त्याहूनही लहान. फणी पुढे यायच्या आत धोटा पलीकडच्या पेटीत पोचलाच पाहिजे. नाही पोचला, मधेच राहिला, तर फणी त्याला कापडावर दाबणार आणि ताण्याचे शेकडो धागे एका दमात तुटणार. ते होऊ नये म्हणून मागाला एक राखण असते: पेटीत धोटा नाही असं कळताच माग दण्णकन् जागच्या जागी उभा राहतो. शेडमधल्या गदारोळात कारीगर चार-सहा साचे एकट्याने सांभाळतो. पाठ फिरवून तिसऱ्या साच्याची कांडी बदलत असतानाही, आपला पहिला साचा उभा राहिला हे त्याला न बघता कळतं. वाढलेला आवाज नव्हे, कमी झालेला आवाज त्याला ऐकू येतो. त्यातून मजुरी मीटरवर. साचा जितका वेळ उभा, तितका वेळ मीटर नाही.

तेव्हा सगळ्यांची खात्री, की काका खेळात सगळ्यांना गार करणार. पहिला खेळ कारखान्याचाच निघाला, सुटे भाग उड्या मारत येतात आणि नेमक्या क्षणी काडी उडवून जोड बसवायचा. काकांनी पडद्याकडे फारसं न बघता दोन-चारदा ऐकलं, आणि मग टिच्, टिच्, टिच्, एकही जोड सोडला नाही. यंत्राने शाबासकी दिली. भाचीने टाळ्या वाजवल्या. काकांनी “मजुरी किती?” म्हणून विचारलं.

गायकवृंदात मात्र काका पार बुडाले. ठोके बरोबर पडत होते. बुडाले ते थांब्यांत. दोन पोरं गातात, आपण गप्प राहायचं, हे गप्प राहणं त्यांना जमेना. तीन ठोके झाले की चौथा यायलाच हवा, असं त्यांचं मनगट ठरवून बसलेलं. मागाला विश्रांतीची मात्रा नसते. माग थांबतो तो काही तुटलं म्हणून, किंवा वीज गेली म्हणून, किंवा संप झाला म्हणून. तबल्यात ‘खाली’ असते, तिथे डग्ग्याचा हात उचलला जातो आणि त्या मोकळ्या जागेमुळेच पुढची सम उठावदार होते. धोट्याला खालीची कल्पनाच नाही. पांढरी पोरं मान वळवून बघत राहिली आणि काका गात राहिले.

मला वाटतं, ही सवय काकांच्या मनगटात त्यांच्या जन्माच्या दोनशे वर्षं आधीपासून भरत आली होती. १७३३ साली जॉन के या इंग्रजाने दोरीच्या हिसक्याने पळणारा धोटा काढला; त्याआधी विणकर तो हाताने फेकायचा आणि त्याला शिंक आली तर माग थांबून राहायचा. १७८५ साली एडमंड कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ पेशाने धर्मोपदेशक. तिथून पुढे कोणाची वाट कोणी बघायची, हे उलटं झालं. लय यंत्राची, माणूस साथीला.

साथीची खरी चैन अजून उरली आहे ती आमच्या आगरी हळदीत. भिवंडीच्या आसपासच्या कुठल्याही गावात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी लागते. आधी धवलारीण धवळे म्हणते, ती तिच्या श्वासाने चालते, कोणी तिला आकडे मोजून दाखवत नाही. मग बेंजोवाला सुरू होतो. नवरदेवाचा मामा नाचता नाचता धापा टाकायला लागला की ढोलकीवाला लय हळूच खाली घेतो, मामाला दम खाऊ देतो, आणि मामाने पुन्हा रुमाल काढला की चढवतो. मामाला वाटतं, आपण तालात नाचलो. ताल मामात नाचलेला असतो. असा खेळ अजून कुठल्या कंपनीला काढता आलेला नाही, आणि आला तर त्याला मामाच्या वजनाचाही हिशेब ठेवावा लागेल.

डीएसवर याच जातीचे आणखी खेळ होते. २००५ साली जपानात इनिस या कंपनीने काढलेल्या एका खेळात काळ्या गणवेशातले तीन तरुण गांजलेल्या लोकांपुढे जाऊन नाचून-ओरडून त्यांना धीर देतात. पडद्यावर आकड्यांची वर्तुळं येतात, भोवतीचं कडं आवळत येतं, आणि कडं वर्तुळाला भिडलं की काडी मारायची. भाषा जपानी, तरी देशोदेशीच्या लोकांनी तो मागवून खेळला. मग २००६ साली ‘एलिट बीट एजंट्स’ नावाने अमेरिकेसाठी वेगळा अवतार निघाला. पुढच्याच वर्षी डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन तरुणाने तीच वर्तुळं संगणकावर आणली, तो ‘ओसू’. परीक्षेत नापास होणाऱ्याला किंवा धंद्यात बुडालेल्याला तिघांनी समोर नाचल्याने मदत होते, हा विचार मला आधी पोरकट वाटला होता. मग आठवलं, आपल्याकडे प्रत्येक मिरवणुकीत तेच चालतं, फक्त कोणाला मदत होते ते कळत नाही.

भाची आता मोठी झाली. माणकोलीच्या बाजूला जी गोदामांची रांग उभी राहिली आहे, त्यातल्या एका गोदामात ती काम करते. तिच्या हातात पुन्हा पडद्याचं यंत्र आहे. पडद्यावर खणाचा आकडा येतो, त्या खणापाशी जायचं, वस्तू उचलायची, स्कॅनर लावायचा, ‘टिंग’. पुढचा आकडा. तासाला किती टिंग झाले ते वर कोणीतरी बघत असतं. येताना-जाताना ती फोनवर अजून तालाचे खेळ खेळते, पण कानात बिनतारी इअरफोन घालून, आणि चुकली की फोनवर चिडते. ब्लूटूथवरून आवाज कानात पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. डोळ्यांपुढे एक ठोका, कानात त्याच्या मागचा. खेळात त्यासाठी वेळ मागेपुढे करून घ्यायची सोय असते. ती न करता खेळणं म्हणजे उशिरा पोचलेला धोटा. मी हे तिला समजावायला गेलो. ती म्हणाली, “मामा, तेवढं चालतं.” काकांच्या शेडमध्ये तेवढ्यात माग उभा राहिला असता.

शेडही आता कमी झाल्या. पुष्कळ जुने माग भंगारात वजनावर गेले, कुठे त्यांच्या जागी बिनधोट्याचे वेगवान माग आले. आमच्या गल्लीतला खडखडाटही पूर्वीसारखा भरगच्च राहिलेला नाही, मधेमधे भोकं पडतात.

पण सांगायचा राहिला तो काकांचा शेवट, म्हणजे खेळातला. ‘रिदम हेवन’मध्ये एक कॅफे आहे. एकच खेळ तीनदा हरलात, की तिथला कॉफीवाला म्हणतो, राहू द्या, एवढं काय त्यात, हा खेळ सोडा आणि पुढच्याला लागा. ना दंड, ना टोमणा. काका गायकवृंदात तिसऱ्यांदा आपटले, तेव्हा भाचीने त्यांना तिथे नेलं आणि कॉफीवाल्याचं म्हणणं मराठीत सांगितलं. काकांनी चष्मा वर करून त्याच्याकडे नीट बघितलं. चुकलेल्या कामगाराला बिनकपात पुढे सोडणारा माणूस त्यांना गिरणीत भेटला नव्हता, शेडमध्ये तर नव्हताच.

“हा मालकाचा माणूस नाही,” काका म्हणाले, “युनियनचा आहे. विचार त्याला, वर्गणी किती.”