एनसीसी-१७०१

टीव्हीसमोर बसून टीव्हीशीच भांडणारी माणसं तुम्हाला नवी नाहीत. क्रिकेट चालू असलं की ती कर्णधाराला क्षेत्ररचना शिकवतात, संध्याकाळच्या मालिकेत सुनेला सासूच्या कटाची आगाऊ सूचना देतात. एवढं आपण चालवून घेतो. पण याच जातीतला एक दुर्मीळ वाण विज्ञानमालिकांना लागतो आणि त्याच्या शेजारी बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मराठवाड्यातला या वाणाचा सर्वांत ठणठणीत नमुना वेरूळला, घृष्णेश्वराच्या रस्त्याला राहतो. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. मीही म्हणतो, कारण शाळेत असताना मी त्यांच्या हाताखाली एनसीसीत होतो, आणि ज्याने एकदा ‘दाहिने मुड’वर भर मैदानात डावीकडे वळून दाखवलं आहे, त्याला त्या माणसाला दुसरं काही म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

सरांचं म्हणणं दोनच शब्दांचं असतं. ‘असं नसतं.’

हे ते चिडून म्हणत नाहीत. ओरडत तर मुळीच नाहीत. पडद्यावर एखादं यान प्रकाशाच्या वेगाला मागे टाकून दुसऱ्या आकाशगंगेत पोचलं, तर सर शांतपणे शेंगदाणे सोलत राहतात. वेगाबद्दल त्यांची तक्रार नसते. मग यानाचं दार उघडतं, तरुण अधिकारी बाहेर येतो, वरिष्ठांसमोर दोन्ही हात मागे बांधून उभा राहतो, आणि सरांचा शेंगदाणा हवेत थांबतो. ‘असं नसतं. सॅल्यूट कुठंय?’

याचं मूळ ऐंशीच्या दशकात आहे. ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली होती. आपल्याकडे ती दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. संवाद इंग्रजीत, वेरूळात टीव्ही मोजके, अँटेना वाऱ्यावर. सर तेव्हा नुकतेच कामठीहून एनसीसी अधिकाऱ्याचं प्रशिक्षण घेऊन आलेले आणि थर्ड ऑफिसर झालेले. कुणाच्या तरी ओट्यावर बसून ते बघत होते. यान हळूहळू पडद्यावर आलं, कॅमेरा त्याच्या कपाळाजवळ गेला आणि तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसलं : एनसीसी-१७०१. सर उभे राहिले. त्यांनी सॅल्यूट ठोकला असंही गावात सांगतात. मी तिथे नव्हतो, पण यावर अविश्वास ठेवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

ती अक्षरं मॅट जेफरीज नावाच्या कलावंताने विमानांच्या नोंदणीच्या अक्षरांवरून घेतली होती, त्यांचा आपल्या राष्ट्रीय छात्रसेनेशी संबंध नाही, हे मी सरांना पुढे समजावून सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आपला कायदा १९४८चा. त्यांचं यान १९६६चं. कुणी कुणाचं घेतलं, तूच सांग.’ माझी आणखी एक चूक झाली. अंतराळातल्या कॅडेटांवरची हाइनलाइनची ‘स्पेस कॅडेट’ ही कादंबरीही १९४८चीच आहे आणि तिच्यावरूनच १९५०मध्ये अमेरिकेत टॉम कॉर्बेट या अंतराळ-कॅडेटची मालिका निघाली, असं मी सांगून बसलो. एनसीसीचा कायदा एप्रिलमध्ये झाला. सरांनी कादंबरीचा महिना विचारला. ऑगस्ट, मी म्हणालो. सरांनी मान डोलावली आणि विषय संपला.

तेव्हापासून अंतराळ हा सरांच्या अखत्यारीतला प्रदेश आहे. पुढे बढती मिळत मिळत ते फर्स्ट ऑफिसर झाले, तेव्हा त्या यानावरचा लांब कानांचा स्पॉकही फर्स्ट ऑफिसरच आहे हे त्यांनी दोन-तीनदा सहज बोलता बोलता सांगितलं. १९८९ साली ‘इंद्रधनुष’ लागली. त्यात मुलं काळाच्या मागेपुढे जाऊन येत. सरांची हरकत काळाला नव्हती, पालकांच्या संमतीपत्राला होती : सहल देवगिरीच्या किल्ल्यापर्यंत असली तरी ते लागतं. १९९८ साली मिलिंद सोमणचा ‘कॅप्टन व्योम’ २१२३ सालातून आला. त्याने गुन्हेगार पकडले, विश्व वाचवलं, सगळं केलं. ‘पण हजेरी कोण घेतंय?’ सरांनी विचारलं. ‘असं नसतं.’

यंदाच्या जानेवारीत ‘स्टार ट्रेक’च्याच घराण्यातली ‘स्टारफ्लीट अकॅडमी’ आली. बत्तिसाव्या शतकातली तरुण कॅडेट मंडळी, त्यांचं वसतिगृह, प्रेमं, रुसवेफुगवे. हलकीफुलकी मालिका. साठ वर्षांपासूनचे जे निष्ठावंत आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी जगभर नाकं मुरडली : पोरकट आहे, कॉलेजच्या गॅदरिंगसारखी आहे, आमच्या वेळचं गांभीर्य राहिलं नाही. उलट काहींना हाच मोकळेपणा भावला. वेरूळची प्रतिक्रिया मात्र या दोन्ही गटांत बसणारी नव्हती. सरांची नात पुण्याला शिकते. सुट्टीत आली की लॅपटॉप टीव्हीला जोडते, आणि आजोबांना बोलावते. मुद्दामच बोलावते, असा माझा संशय आहे.

पहिल्याच भागात एक मुलगा येतो. लहानपणीच आईपासून तुटलेला, भुरटेगिरी करत वाढलेला, कोठडीतून थेट अकादमीत. ‘चारित्र्याचा दाखला?’ सर. मग प्रकाशापासून बनलेली एक मुलगी येते. हाडामांसाची नाहीच, होलोग्राम. ‘हिची उंची-छाती कशी मोजणार? मेडिकल कोण करणार?’ पुढे क्लिंगॉन जमातीतला एक धिप्पाड मुलगा. लढवय्यांच्या कुळातला, पण त्याला लढायचं नाही, डॉक्टर व्हायचंय. इथे सर थोडे थांबले. त्यांच्या एका कॅडेटचंही असंच होतं, बाप फौजेत आणि मुलगा रक्त बघून चक्कर येऊन पडायचा. ‘पण तो डॉक्टर नाही झाला,’ सर म्हणाले, ‘तलाठी झाला.’

खरा भडका उडाला प्राचार्याबाईंवरून. हॉली हंटर या नटीने त्या साकारल्या आहेत. बाई चारशेहून जास्त वर्षांच्या, कारण त्यांची जमातच दीर्घायुषी. त्या अकादमीच्याही प्रमुख आणि यानाच्याही कॅप्टन. आणि कॅप्टनच्या खुर्चीत बसतात त्या अनवाणी, पाय वर घेऊन, मांजर कोपऱ्यात अंग दुमडून बसतं तशा. या बसण्यावर सातासमुद्रापलीकडेही बरीच चर्चा झाली म्हणतात. पण तिथल्या कुणी सरांसारखं उठून टीव्हीचा आवाज बंद केला नसेल.

‘असं नसतं. ड्युटीवर बूट काढायचे नसतात.’

‘आजोबा,’ नात म्हणाली, ‘आपल्या लेण्यांत जाऊन बघा. बत्तीस नंबरमध्ये अंबिका कशी बसलीय? एक पाय वर, एक खाली. हत्तीवरचा इंद्रसुद्धा तसाच. ललितासन म्हणतात त्याला. अनवाणीच आहेत सगळे.’

बत्तीस क्रमांकाचं जैन लेणं, इंद्रसभा, सरांच्या घरापासून फार लांब नाही. लहानपणापासून त्यांनी ती अंबिका पाहिलेली. सर बराच वेळ गप्प राहिले. वेरूळच्या माणसाला वेरूळच्याच मूर्तीने निरुत्तर करावं हा मोठाच डाव होता, आणि मला वाटलं, आता हे माघार घेतात. सरांनी आवाज परत चालू केला आणि म्हणाले, ‘ते ड्युटीवर नाहीत.’

आता सगळं सांगायला बसलो आहे, तर त्यांच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. मनातून फारसं सांगावंसं वाटत नसलं तरी.

सर रोज सकाळी फिरत फिरत कैलासापर्यंत जातात. सोळा नंबर. तिथे हल्ली मोबाइल काठीला लावून येणारी तरुण मंडळी भेटतात. अमेरिकेतल्या ‘एन्शंट एलियन्स’ने आणि तिच्या देशी नकलांनी त्यांना शिकवलेलं असतं की कैलास परग्रहावरच्या लोकांनी कोरला. आठव्या शतकातल्या माणसाला हे शक्यच नाही. लाखो टन दगड काढला कसा, ठेवला कुठे? असं कॅमेऱ्याकडे बघून जोरात चाललेलं असताना मागून आवाज येतो, ‘असं नसतं.’ आणि त्या एका जागी हे दोन शब्द मला आवडतात.

सर त्यांना हात धरून भिंतीपाशी नेतात. छिन्नीचे फटकारे दाखवतात. ‘आकाशगंगा ओलांडून आलेल्या माणसाला छिन्नी लागते का?’ मग कडेने वर नेऊन शिखर दाखवतात, काम वरून खाली कसं उतरत गेलं ते सांगतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, शेजारच्या पंधरा नंबरमधला दंतिदुर्गाचा लेख, सगळं तोंडपाठ. ‘कथाकल्पतरू’तली गोष्टही सांगतात : शिवाच्या देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा राणीचा नवस, सगळे स्थपती हतबल, आणि मग पैठणचा कोकास येतो आणि वरूनच कोरायला घेऊन आठवड्यात शिखर उभं करतो. ‘ही गोष्ट आहे,’ सर बजावतात, ‘पुरावा नाही. पुरावा पलीकडे आहे.’ पलीकडे म्हणजे तीस नंबर, छोटा कैलास. तोही वरून खालीच कोरायला घेतलेला, पण अर्धाच राहिलेला. ‘परग्रहावरचे आले असते तर काम पुरं करून गेले असते. अर्धं टाकणं फक्त माणसालाच जमतं. पैसा संपतो, राज्य बदलतं, मुकादम मरतो.’

ती मुलं सरांचाही व्हिडिओ काढतात. तो किती जणांनी पाहिला मला माहीत नाही. परग्रहावरच्यांना अर्थातच जास्त बघणारे मिळतात.

मालिकेकडे परत येतो. तिसऱ्या भागात अकादमीची मुलं आणि शेजारच्या युद्ध महाविद्यालयाची मुलं एकमेकांच्या खोड्या काढतात. मी कान झाकायच्या तयारीत होतो. सर हसत होते. मांडीवर हात मारून. दहा दिवसांच्या वार्षिक शिबिरात एका रात्री कॅडेटांनी त्यांच्या तंबूच्या दोऱ्या सैल करून ठेवल्या होत्या, आणि पहाटेच्या शिट्टीला तंबू सरांसकट खाली आला होता. ‘कुणी केलं ते मला कळलं नाही,’ असं सर आजही म्हणतात, आणि माझ्याकडे बघत नाहीत.

शेवटच्या भागापर्यंत सर एक प्रश्न धरून बसले होते. या मालिकेतली अकादमी शंभराहून जास्त वर्षं बंद असते; महासंकटानंतर पहिल्यांदाच तिथे नव्या मुलांची तुकडी भरती होते. नातीला ही निव्वळ पार्श्वभूमी वाटली. सरांनी मात्र दर भागाला विचारलं, ‘मंजुरी कुणी दिली? परत सुरू करायला कागद कसा फिरवला असेल यांनी?’ आम्ही दोघं हसलो. मग मला एकदम उमगलं आणि मी हसायचा थांबलो.

सरांच्या शाळेत आता एनसीसी नाही. सर ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. तुकडी चालवायची तर शाळेतला एक शिक्षक कामठीच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाऊन तयार व्हावा लागतो. कुणी गेलं नाही. एकाला घरची अडचण, दुसऱ्याला निवडणुकीचं काम, तिसऱ्याला उन्हात उभं राहणं सोसत नव्हतं. वर्षभर वाट पाहून तुकडी गेली. शाळेचं चूक, असं मी म्हणत नाही. शिक्षकांवर कामं किती आहेत ते मीही बघतो. गणवेशाच्या पेट्या बटालियनला परत गेल्या. शिट्टी सरांची स्वतःची होती, ती राहिली.

महाशिवरात्रीला घृष्णेश्वरला माणसांचा पूर येतो. पूर्वी ती रांग सरांचे कॅडेट लावायचे. आता पोलीस असतात, स्वयंसेवक असतात, लोखंडी कठडे असतात आणि कुठेतरी मध्ये सर असतात. गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगाने जायचा नियम आहे. यंदा मी सरांना दर्शन घेऊन बाहेर येताना पाहिलं. खांद्यावर शर्ट, अंगावर भस्म, आणि गळ्यात शिट्टी. एक बाई रांग मोडून पुढे घुसत होत्या. सरांनी शिट्टी वाजवली नाही. फक्त जवळ जाऊन काहीतरी म्हणाले. अंतर बरंच होतं, पण काय म्हणाले ते मला ऐकू यायची गरज नव्हती. बाई मुकाट मागे गेल्या.

तेव्हा खुलताबाद तालुक्यातल्या तरुण शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाची कामठीला जायची तयारी असेल, तर आधी वेरूळला जाऊन सरांना भेटा. कागद कसा फिरवायचा हे त्यांना पाठ आहे. अर्जाचा मसुदा त्यांनी लिहून ठेवलेला आहे, फक्त नावाची जागा रिकामी आहे. मंगळवारी गेलात तर बरं. त्या दिवशी लेणी बंद असतात आणि सर सकाळी घरीच सापडतात.