टक्केकाका

टक्केकाकांचा शेअरबाजाराशी काडीचा संबंध नाही. त्यांचे टक्के हवेतल्या ओलाव्याचे. दिवाळी सरली, उत्तरेचा कोरडा वारा भिलाईत शिरला, ओठ फुटायला लागले आणि स्वेटर काढताना केसांतून तडतड ऐकू यायला लागली, की काकांचा हंगाम सुरू. आपण दारात उभे, काकू "या, बसा" म्हणतायत, तोच आतून आरोळी : "दार लावा आधी! सदतीसवर आलोय!"

हा सदतीस दैवी नव्हे. हॉलच्या भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेत. एकाच्या बुडाला मलमलीची चिंधी, तिचं टोक खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतल्या पाण्यात. कोरडा चोवीस, ओला पंधरा, फरक नऊ. मग पिवळ्या पडलेल्या तक्त्यावरून बोट फिरतं आणि निकाल लागतो. मुलाने डिजिटल यंत्र पाठवलं होतं. काकांनी ते आठवडाभर चिंधीशी ताडून पाहिलं आणि "खोटं बोलतं" म्हणून कपाटात कोंडलं.

नोकरी सगळी भिलाई स्टील प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसवर झालेली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं, हे काका डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. तेव्हा ते नागपुरात तिसरीत होते. पण भट्टीचं ज्ञान मात्र अस्सल. आत फुंकायच्या हवेतली वाफ तापलेल्या कोकला भिडली की उष्णता खाते. पावसाळ्यात हवा ओली, हिवाळ्यात कोरडी; म्हणून भट्टीची तब्येत बिघडू नये यासाठी फुंकेत मोजून वाफ सोडतात आणि ओलावा एका पातळीवर धरतात. "भट्टीचे एवढे लाड, आणि माणसाच्या नाकाने काय घोडं मारलंय?" हा काकांचा सवाल. मला तरी अजून उत्तर सुचलेलं नाही.

घोटाळा पुढे होतो. सकाळी थंडी, म्हणून हीटर लागतो. हीटर पाणी पळवत नाही, पण तापलेल्या हवेची तहान वाढते आणि टक्का घसरतो. टक्का घसरला की काका खुर्च्यांवर ओले टॉवेल पसरतात. टॉवेल वाळताना खोलीतली ऊब पितात. खोली गार पडली की काकू हीटर वाढवतात. दुपारपर्यंत असं चालतं. विजेचा मीटर तेवढा एका दिशेने जातो. गेल्या जानेवारीत तर काकांनी गच्चीवरचा कूलर खाली आणला. काकू शाल, त्यावर रजई, त्यावर मौन पांघरून बसल्या. "अगं, बाष्पीभवनाला उष्णता लागतेच, त्याला मी काय करू?" असं काका त्या रजईला समजावत होते.

एका बाबतीत मात्र त्यांच्यापुढे कुणी हसत नाही. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपणारा कुणी कळला, की काका मफलर न गुंडाळताच त्याच्या घरी धडकतात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. भट्टीवर तो वायू त्यांनी जन्मभर सांभाळलाय. सिगडी अंगणात जाईपर्यंत हा माणूस हलत नाही.

बाकी खरा टक्का सांभाळतात काकू, नकळत. कुकरच्या शिट्ट्या, उकळता चहा, आत वाळत घातलेल्या चादरी. दुपारी स्वयंपाकघराचं दार उघडलं की आकडा पाचने चढतो आणि काका त्याचं श्रेय टॉवेलांना देतात.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे होतं. सेक्टरातल्या मराठी, तेलुगू, बंगाली मिळून वीसेक बायका हॉलमध्ये दाटल्या. वीस जणींचे श्वास, चहाची वाफ, वर अखंड बोलणं. चिंधीजवळ उभ्या काकांचा चेहरा उजळत चालला. एकोणपन्नास! चौपन्न! काकूंनी वाण वाटलं, तिळगूळ दिला, बायका पदर सावरून उठल्या, तर काका दाराला पाठ लावून उभे.

"बसा हो, एवढी काय घाई? अठ्ठावन्न झालेत, साठ होऊ द्या!"