सेक्रेटरीसाहेब, धूर पोचला

मा. सेक्रेटरीसाहेब,
खडकपाडा, कल्याण (पश्चिम)



संक्रांतीच्या आदल्या शनिवारी आपल्या सोसायटीत पार पडलेल्या ‘बॉनफायर नाइट’बद्दल प्रथम समितीचं अभिनंदन. माणशी तीनशे रुपये वर्गणीत पावभाजी, कराओके आणि धूर, एवढा ऐवज हल्ली कुठे मिळतो? पावभाजी आणि कराओके फक्त वर्गणी भरलेल्यांसाठी होते. धुराच्या बाबतीत समितीने असला भेदभाव केला नाही. तो तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत विनामूल्य घरपोच झाला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर तो नेब्युलायझर लावून, बसून स्वीकारला.

डिसेंबरात आपल्याच सहीने लागलेला कागद अजून नोटीस बोर्डावर आहे. ‘आवारात कोणत्याही प्रकारची आग पेटवण्यास सक्त मनाई. आढळल्यास रु. 500 पगारातून कापण्यात येतील.’ पगारातून म्हटल्यावर तो कुणासाठी आहे हे वेगळं सांगायला नको. रात्रपाळीचा वॉचमन गेटजवळ तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात बदामाची वाळकी पानं आणि दोन-चार करवंट्या पेटवायचा. पहाटे तीन ते पाच, लोखंडी खुर्चीत, कानटोपी घालून. त्या डब्याने आवाराची शोभा जाते असं एका सभासदाचं म्हणणं पडलं, आणि डबा जप्त झाला.

त्यानंतर महिनाभरात बॉनफायरसाठी मीटर रूमच्या मागे अर्धा कापलेला ड्रम आला.

त्यात काय जळलं, हेही प्रस्तुत पत्रलेखकाने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं नूतनीकरण चालू आहे. तिथल्या प्लायवुडचे तुकडे होते, सनमायका चिकटलेला तसाच, आणि राखेत कपाटाच्या दाराची एक बिजागरी. सोसायटीच्या ग्रुपवर ‘लाकूडच तर जाळलं’ असा खुलासा आला. प्लायवुडचे पापुद्रे बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवलेले असतात. ते जाळलं की डोळे चुरचुरायला लावणारा फॉर्मल्डिहाइडही हवेत जातो. त्यात जानेवारीची रात्र. जमिनीलगतची हवा थंड, तिच्यावर उबदार थराचं झाकण. धूर वर जायला बघतो आणि खिडक्यांच्या उंचीवरच रेंगाळतो.

सभासदांपैकी एका वकीलसाहेबांनी तर कायदाच काढला. 2016 च्या घनकचरा नियमांत रस्त्यावर आणि ‘आपल्या आवाराबाहेरच्या’ मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई होती. आपण आवाराच्या आत जाळला! या हुशारीला दाद द्यायला हवी. फक्त त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळायला देशभर सरसकट बंदी घातली, हे वाचायचं राहून गेलं असावं. साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई. कपाटाचं दार साध्यात बसतं की मोठ्यात, हे वकीलसाहेबांनीच ठरवावं.

आणखी एक. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीची आग विझवण्याची यंत्रणा धड असल्याचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. म्हणजे ज्या महिन्यात हा दाखला द्यायचा, त्याच महिन्यात मीटर रूमच्या भिंतीला आगीची ऊब दिली.

ग्रुपवर शेवटचं अस्त्र निघालं ते आधारवाडीचं. ‘पालिकेने कचऱ्याचा डोंगर जाळला तेव्हा कुठे होता?’ इथेच होते सगळे, साहेब. मार्च 2018 मध्ये आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड दिवसेंदिवस धुमसत होतं, तेव्हा याच सोसायटीत दारांच्या फटीत ओली फडकी कोंबली होती. कचऱ्याची विल्हेवाट लागत नाही म्हणून 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या वर्षभर रोखल्या होत्या, तरी तो डोंगर मे 2021 पर्यंत वाढतच राहिला. ज्यांनी तो धूर गिळला, त्यांनी पाच पावलांवरच्या आजींच्या खिडकीखाली ड्रम पेटवावा? आणि सकाळी ती राख भरायला कुणाला लावलं? त्याच वॉचमनला. ज्याची करवंट्यांची आग ‘शोभा घालवते’ म्हणून काढून घेतली, त्याला तुमच्या मौजेची राख खराट्याने गोळा करायला लावली. याला निगरगट्टपणा म्हणतात, साहेब. दुसरा शब्द नाही.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. रात्री साडेअकराला सगळे लिफ्टने वर गेल्यावर पाण्याच्या बादल्या ओतत आपण एकटेच खाली होतात. सुरुवातीला समितीत या प्रकाराला आपलाच विरोध होता, असंही कानावर आलं आहे. बिनपगारी पद. टँकर उशिरा आला तरी फोन आपल्याला, लिफ्ट अडकली तरी आपल्याला, पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीला ओरखडा आला तरी आपल्याला. पोरं एरवी खाली उतरत नाहीत; त्या रात्री उतरली, आणि ते बघून आपल्याला बरं वाटलं असेल, हेही समजण्यासारखं आहे. पत्रलेखकाला या पदासाठी गेल्या सर्वसाधारण सभेत विचारलं होतं, तेव्हा तो चहा आणायला उठला होता.

म्हणून मागणी लहानच आहे. दिल्लीत हवा बिघडली की लागू होणाऱ्या टप्प्याटप्प्यांच्या उपायांत सोसायट्यांना सांगितलेलं असतं, रखवालदारांना विजेचे हीटर द्या, म्हणजे ते काही जाळणार नाहीत. हजार वॅटचा हीटर सहा तास चालला तर सहा युनिटं. एवढी वीज त्या रात्री कराओकेच्या स्पीकरांना आणि झाडांवरच्या माळांना लागली असेलच. पुढच्या बैठकीत हीटरचा ठराव मांडावा. सूचक म्हणून पत्रलेखक सही करील. अनुमोदक शोधणं मात्र आपल्याकडे. नोटिशीतला ‘पगारातून’ हा शब्द खोडून ‘मेंटेनन्सच्या बिलातून’ असा घालावा, म्हणजे ती सर्वांना लागू होईल.

आपला,
पहिल्या मजल्यावरचा एक सभासद

ता. क. : ड्रम अजून मीटर रूमच्या मागेच आहे. भंगारवाला रविवारी येतो.