पाणी कुठं मुरायलंय?

बिंदुसरा धरणाच्या उशाशी राहणाऱ्या पालीकराला पाण्याचा हिशेब शिकवायला जाणं म्हणजे आगाऊपणा. धरणात किती पाणी आहे, औंदा चादर कधी पडली, बीडला किती गेलं, हे इथं पारावर तोंडपाठ असतं. पण तोच जाणकार गाडीचं बॉनेट उघडतो, बाटलीतलं हिरवं कूलंट खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं बघतो आणि म्हणतो, "ऊन लई आहे. उडालं असंल." मग तांब्याभर बोअरचं पाणी ओततो आणि टँकर येऊन गेल्याच्या समाधानात मांजरसुंब्याच्या घाटाला लागतो.

त्याच्यासाठी ही टंचाईपाहणीची पद्धत.

धरणाचं पाणी तीन वाटांनी जातं: बाष्पीभवन, पाझर आणि उपसा. गाडीलाही हेच तीन रकाने आखावेत. त्यातला पहिला रकाना आखल्याबरोबर खोडून टाकावा. धरणाला झाकण नसतं, गाडीला असतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. झाकणानं एक बारच्या आसपास दाब धरला की तोच आकडा 130 च्या घरात जातो. मे महिन्यातलं आपलं 42 अंशांचं ऊन त्याच्यापुढं किरकोळ. सबब, 'उडालं' हा जबाब नोंदवून घेऊ नये.

मोजणी सकाळी, इंजिन गार असताना, सपाट जागेवर करावी. घरासमोरच्या उतारावर घेतलेली मोजणी ग्राह्य नाही. बाटलीवर मार्करनं रेघ मारून तारीख आणि किलोमीटर लिहावेत आणि आठवडाभर रोज बघावं. नवीन कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा निघते आणि पातळी एक-दोन दिवस थोडी उतरते. त्यावरून कुणावर आळ घेऊ नये. गरम इंजिनाचं झाकण उघडू नये, हे मात्र विनोद बाजूला ठेवून सांगतो. उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता पाझर. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग दिसला की घरातली सगळी मंडळी गोळा होतात. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, सभा बरखास्त करावी. कूलंट रंगीत, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. खात्रीसाठी चाखू नये. एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि त्याच्या गोडीला भुलून कुत्रीही ते चाटतात. पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून पाझर नाही असंही नाही, कारण तापलेल्या इंजिनावर थेंब खाली पडायच्या आत सुकतो. मागं उरते ती खारवट जमिनीवर फुलते तशी पांढरट-हिरवट पापडी. होज पाईपच्या क्लिपांशी, रेडिएटरच्या कडेला आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी ती शोधावी. पायाखालची मॅट ओली आणि काचेवर चिकट धुकं असेल तर पाणी हीटरात मुरतंय. बीडात हीटर लावतो कोण, हा प्रश्न रास्त आहे, पण न लावताही तो गळतो.

एवढ्यानं भागलं नाही तर मेस्तरीकडचा दाबाचा हातपंप लावावा. गार इंजिनात झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकीच हवा भरायची, पंधरा मिनिटं काट्याकडं बघत बसायचं. काटा उतरला की पाझर आहे, बॅटरी घेऊन शोधा.

राहिला उपसा, म्हणजे रात्री चोरून मोटार टाकण्याचा प्रकार. इथं चोर घरातलाच असतो. हेड गॅस्केट फाटलं की इंजिन स्वतःच कूलंट पितं. बाटलीत बुडबुडे येतात, इंजिन तापल्यावरही मागून पांढरा धूर थांबत नाही, कधी ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. (थंडीतल्या सकाळचा घटकाभराचा धूर नुसती वाफ असते.) डिझेल गाडीत ईजीआर कूलर फुटला तरी असंच, खाली थेंब नाही आणि बाटली रिकामी. बाटलीच्या तोंडाशी निळं रसायन धरून बघतात. धुराचा वायू त्यात आला की ते पिवळं पडतं.

बोअरच्या पाण्याबद्दल बंबाला विचारा. त्याच्या आत जो क्षारांचा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. ओतायचंच तर डिस्टिल्ड पाणी ओता.

माझ्या गाडीवर ही सगळी पाहणी मी रीतसर केली. पुठ्ठा कोरडा, पापडी नाही, काटा जागचा हलला नाही, निळं निळंच राहिलं. तरी घाट चढून आलो की रेघ खाली. मेस्तरी म्हणाला, "गाडी पाणी खायली, काका. हेड उतरवावं लागंल." शेजारी म्हणाले, बीडजवळच्या खजाना विहिरीचं पाणी म्हणे दुष्काळातही आटत नाही, गाडी तिथंच लावून बघा. हेड उतरवायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी मेस्तरीच्या पोरानं बाटलीचं झाकण हातात घेऊन उलटं केलं. आतलं रबर चिरलेलं. पंप लावताना झाकण काढूनच लावायचं असतं, त्यामुळं त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. गार असताना सगळं ठीक, घाटात दाब वाढला की वाफ झाकणातून बाहेर.

नवीन झाकण बसवलं, रेघ हलायची थांबली. शेजाऱ्यांना सांगितलं. ते ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"मंग? उडालंच की," म्हणाले.