अकरा महिन्यांत आपलं घर: नवशिक्यांसाठी सात धडे

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलात? छान! आता दरवर्षी नवं 'आपलं घर'. घाबरू नका, सवय होते.

१. करार अकरा महिन्यांचाच करा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८च्या कायद्याने नोंदवावा लागतो, म्हणून ही पळवाट. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार नोंदवावाच लागतो. म्हणजे पळून पोचलात तिथेच. तरी अकराच! परंपरेला कारण विचारू नये.

२. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येईल. अंगठा द्या. 'लिव्ह अँड लायसन्स' आहे, म्हणजे कायद्याने तुम्हाला फक्त राहायची परवानगी. नव्या घराच्या भरात पडदे शिवू नका. पुढच्या घराच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या असतात.

३. सोसायटीची कमिटी विचारेल, "फॅमिली आहे ना?" एकटे असाल तर चेहऱ्यावर लग्न ठरल्याचं तेज आणा. जेवणाबद्दल विचारलं तर "साधंच" म्हणा. सुकटीचा डबा सामानात सर्वांत खाली.

४. खिळा ठोकू नका. मालकाला भिंतीच्या भावना फार. आजोबांची तसबीर फ्रिजवर टेकवा. त्यांनी गावात एकच घर बांधलं आणि त्यातच म्हातारे झाले, त्यांना हे कळायचं नाही.

५. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' मागतील. कायमचा म्हणजे जिथे तुम्ही राहत नाही तो. गावचं कुलूपबंद घर लिहा. मतदारयादीतला पत्ता बदलायला फॉर्म ८ असतो, पण तो भरायला बसाल तोवर घर बदलायची वेळ होते. मतदानाला एसटीने गावी जा, कुलपालाही तेल घालून होईल.

६. टीव्ही-मिक्सरची खोकी माळ्यावर जपा. पाहुणे विचारतील, "अजून सामान लागलं नाही वाटतं?" सांगा, "लागलं होतं. आता पुन्हा भरतोय."

७. पहिल्याच दिवशी फोटो काढा. मुलांचे नंतर, आधी ओलीचे डाग, तडकलेली फरशी, गळका नळ. नाहीतर रंगाचे पैसे डिपॉझिटमधून गेलेच म्हणून समजा. पुढेमागे मुलांनी विचारलं, "आपण तिथे कसे राहायचो?" तर अल्बम तयार!

परीक्षेचा निकष सोपा आहे. घर सोडताना तुमची एकही खूण मागे राहिली नाही, तर डिपॉझिट पूर्ण परत. तिथे तुम्ही कधी राहिलाच नव्हता, हे सिद्ध झालं. अभिनंदन, पहिला नंबर!