अजून अर्धा सेंटिमीटर

हार्डवेअरच्या दुकानात चार इंची पीव्हीसी पाइप मागितला की दुकानदार एकच विचारतो, "संडासची लाइन की पावसाच्या पाण्याची?" टेंभेकरांनी पहिल्या दिवशी शांतपणे सांगितलं, "खर्जाची." दुकानदाराने बिलावर लिहिलं, 'खर्जा सोसायटी, डोंबिवली पूर्व'. ते बिल टेंभेकरांनी अजून जपून ठेवलंय.

टेंभेकर आमच्या समोरच्या दारात राहतात. वीज मंडळात बत्तीस वर्षं मीटर टेस्टिंगला होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत जातात, मुलाकडे अमेरिकेत जातात. टेंभेकर लॅमिंग्टन रोडला गेले आणि दहा इंची वूफर घेऊन आले. ग्रँट रोडहून दादर, दादरहून डोंबिवली, संध्याकाळची साडेसहाची गर्दी आणि छातीशी वूफर. त्याच्या चुंबकाला एका गृहस्थांची छत्री जी चिकटली, ती ठाण्यापर्यंत सुटली नाही. ठाण्याला उतरताना त्या गृहस्थांनी विचारलं, "हे काय आहे?" "स्पीकर." "वाजतो?" "अजून नाही," टेंभेकर म्हणाले. या गोष्टीला सात वर्षं झाली. आज कुणी विचारलं तरी उत्तर तेच आहे.

खरं म्हणजे पेटी पहिल्या महिन्यातच तयार झाली होती. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, आतून तीस बाय पस्तीस बाय अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे पन्नास लिटर आणि वर थोडं. ते 'वर थोडं' वूफरच्या बुडाने आणि आतल्या आडव्या पट्टीने खाल्लं, हेही त्यांनी मोजून ठेवलंय. सांध्यांना फेव्हिकॉल, बाहेरून सागवानी सनमायका. कुणालाही वाटावं, झालं. पण पेटीच्या पुढच्या फळीला खाली एक भोक होतं, आणि आमच्या टेंभेकरांचं पुढचं आयुष्य त्या भोकात गेलं.

त्या भोकाला पोर्ट म्हणतात. बंद पेटीत वूफरच्या पाठीमागचा आवाज कोंडून वाया जातो. भोक पाडून त्यात नळी बसवली की नळीतली हवा दट्ट्यासारखी आतबाहेर करते, पेटीतली हवा तिला स्प्रिंगसारखी मागे लोटते, आणि एका ठराविक सुराला ही जोडी घुमायला लागते. तोंडाशी धरून फुंकलेली बाटली घुमते तशीच. नळी लांब केली की सूर उतरतो, आखूड केली की चढतो. नळी रुंद केली तरी चढतो, मग पुन्हा लांबी वाढवावी लागते. एवढंच शास्त्र आहे. पण ते सांगताना टेंभेकर हेल्महोल्ट्झपासून सुरुवात करतात. हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन शास्त्रज्ञ त्यांच्या बोलण्यात चुलत आजोबांसारखा येतो. मग बेल लॅबचे थुरास, ज्यांना १९३२ साली या भोकाचं पेटंट मिळालं. मग ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील, ज्यांनी १९६१ साली या पेट्यांचं गणित बसवलं, आणि त्यांच्यामागून ते पुढे नेणारे रिचर्ड स्मॉल. "थीलसाहेबांनी सांगून ठेवलंय," असं ते खात्यातल्या वरिष्ठाचं नाव घ्यावं तसं म्हणतात. समोरच्याचा चहा निवतो.

टेंभेकरांना पस्तीस हर्ट्झ हवे होते. गणिताने नळी आली दहा सेंटिमीटर रुंद, एकतीस सेंटिमीटर लांब. पेटीची खोली पस्तीस. म्हणजे नळीच्या शेपटाला मागच्या फळीपर्यंत चारच सेंटिमीटर जागा उरणार. "गुदमरेल," टेंभेकर म्हणाले. एखाद्या पाहुण्याला माळ्यावर झोपवायची कल्पना वहिनींनी फेटाळावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग त्यांनी सात सेंटिमीटरची बारकी नळी आणली. ती चौदा सेंटिमीटरच लागली, पेटीत ऐसपैस बसली. पण हवा तेवढीच आणि वाट निम्मी. आवाज मोठा केला की डग्ग्याच्या प्रत्येक थापेमागून भोकातून 'फुस्स' यायला लागलं. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, कुकर मी लावलेला नाही!"

शेवटी चार इंची पाइप आणि त्याला एल्बो. पाइप आत जाऊन काटकोनात वर वळतो. पेटीच्या मागची फळी स्क्रूने उघडते, तेव्हा आत डोकावणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट आठवते, पण टेंभेकरांसमोर ती कुणी बोलून दाखवत नाही. सोसायटीचा प्लंबर मात्र बोलला. बराच वेळ बघून म्हणाला, "साहेब, याला ट्रॅप नाही लावला? वास येईल."

आता ट्यूनिंग. हा शब्द मी घरी उच्चारत नाही, कारण आमच्या घरची भिंत आणि त्यांची भिंत एकच आहे. टेंभेकर मोबाइलवर सूर लावतात आणि तो वीस हर्ट्झपासून हळूहळू चढवत नेतात. सोबत एक रेझिस्टर आणि मंडळाच्या काळातला मल्टिमीटर. आकडा एकदा चढतो, मग दरीत उतरतो, मग पुन्हा चढतो. दोन शिखरांमधली दरी जिथे सगळ्यात खोल, तिथे पेटी लागली. मल्टिमीटरवर विश्वास नसेल तर दुसरी परीक्षा उदबत्तीची. नेमक्या सुराला वूफरचा पडदा जवळपास थिजतो आणि सगळं काम नळी करते. भोकासमोर धरलेल्या उदबत्तीचा धूर तिथे वेडापिसा होतो. देवासमोरची उदबत्ती रोज सकाळी कुठे जाते हा वहिनींचा प्रश्न असा सुटला.

पहिल्या खेपेला मात्र सोसायटीत गोंधळ झाला. दुपारी तीनला इमारतभर बारीक 'ऊँऽऽ' असा घुमारा सुरू झाला. सेक्रेटरी खाली धावले, पाण्याचा पंप बंद केला. आवाज चालूच. दुसरा पंप बंद केला. आवाज थोडा चढला. त्यांनी मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे थांबला. संध्याकाळपर्यंत पंपवाला दोन हजार रुपये घेऊन बेअरिंग बदलून गेला. टेंभेकरांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज चढला तेव्हा किती वाजले होते?" आणि वहीत नोंद केली.

मग आली 'फर्र'. साधारण बेचाळीस हर्ट्झला कुठेतरी फर्र वाजायची. टेंभेकरांनी पेटीचे बावीस स्क्रू आवळले. फर्र. एल्बो काढून बसवला. फर्र. चार दिवसांनी शोध लागला की पेटी निर्दोष आहे, वाजतोय तो भिंतीवरचा त्यांच्या वडिलांचा फोटो. वहिनींनी टिकल्यांचं पाकीट आणलं आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत चार मखमली टिकल्या लावल्या. फर्र बंद. त्या दिवसापासून शोकेसच्या काचेला, भांड्यांच्या रॅकला आणि गणपतीच्या मखराला मागून टिकल्या आहेत. आमच्या बाजूच्या कॅलेंडरलाही एक आहे, ती मीच लावली.

पुढे लक्षात आलं की त्यांच्या खुर्चीत बसलं की खर्ज गायब होतो, आणि बाथरूमच्या दारात उभं राहिलं की मुबलक येतो. बारा फुटांच्या खोलीत सत्तेचाळीस हर्ट्झची लाट भिंतींशी जोर धरते आणि मधोमध पडते, हे त्यांनी मला खडूने फरशीवर काढून दाखवलं. आता पाहुण्यांना भिंतीला टेकून बसवतात. खास मित्रांना बाथरूमच्या दाराशी.

आणि सगळा झगडा कशासाठी? एक सेंटिमीटर पाइप कापला की सूर जेमतेम अर्धा हर्ट्झ सरकतो. तेवढा फरक कुणाच्या कानाला कळेल असं मला वाटत नाही. टेंभेकरांना मल्टिमीटरवर कळतो. "अजून अर्धा सेंटिमीटर," ते म्हणतात आणि हॅक्सॉ उचलतात. हॅक्सॉचा स्वभाव एकमार्गी. जास्त कापलं की नवा पाइप. दुकानदार आता लांबून बघूनच "खर्जा सोसायटी!" अशी हाक मारतो. दुसरी पेटी? ती पहिली लागल्यावर. स्टीरिओ सात वर्षं एका पायावर उभा आहे.

गेल्या दिवाळीत मी एक चूक केली. फराळाला गेलो होतो. टेंभेकरांच्या कपाटात सगळी भावगीतं, नाट्यगीतं आणि ख्यालांच्या मैफली. चकली खात मी सहज विचारलं, "यातला सगळ्यात खालचा सूर किती हर्ट्झचा हो?"

ते थांबले. मनात हिशेब चालू झालेला दिसला. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सत्तरीच्या आसपास. डग्गा त्याच्याही वर. गाणारा माणूस तर कितीतरी वर. पस्तीस हर्ट्झला त्या अख्ख्या कपाटात कुणीही राहत नव्हतं. ज्या पाहुण्यासाठी सात वर्षं खोली सजवली, त्याला आमंत्रणच गेलेलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी फिल्टरखाली बाटल्या भरत होत्या. माझ्याशी बोलत, नळाकडे पाठ करून. बाटली भरत आली की तिच्या आतला आवाज चढत जातो, हवेची जागा कमी होते तसा सूर वर सरकतो. काठाच्या बोटभर खाली वहिनींचा हात आपोआप नळाकडे गेला. एक थेंब सांडला नाही. चार बाटल्या, चारही वेळा. टेंभेकर बघत राहिले. हेल्महोल्ट्झ, थुरास, थील, स्मॉल सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभे असल्यासारखे वाटले.

"तुला कळतं कसं गं?" त्यांनी विचारलं.

"आवाजावरून," वहिनी म्हणाल्या आणि ओट्यावरचा छोटा रेडिओ लावला. त्याला चार बोटांचा स्पीकर आहे आणि भोक नाही. त्यावर भावगीत चालू होतं. आम्ही तिघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. टेंभेकरांनी मान डोलावली, एकदा डोळेही मिटले. त्या घरात मी पूर्ण ऐकलेलं ते पहिलं गाणं.

मला वाटलं, माणूस सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "जोशी, रात्रभर विचार केला. तुमचं बरोबर आहे. कपाटात पस्तीस हर्ट्झ नाहीत." मी हातातला पेपर खाली ठेवला. "म्हणून ते असलेली गाणी मागवली आहेत. पाश्चात्त्य चर्चमधल्या ऑर्गनची. त्यात एक पाइप सोळा हर्ट्झपर्यंत उतरतो म्हणे. सोळा फूट उंच ठेवला तरी सूर बत्तिसावरच थांबतो, त्याला बत्तीस फूट लागतात!" पाइप हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज हळवा झाला होता.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या गच्चीवर, जिन्याखाली, प्लंबरने टाकून दिलेला चार इंची पाइपचा तुकडा पडला असेल तर भंगारात देऊ नका. आमच्याकडे पाठवा. मात्र एक फुटाच्या वर हवा. त्याहून आखूड अकरा तुकडे टेंभेकरांच्या पलंगाखाली आहेत.